उजेडाची पटाशी

(बचत गटाच्या बायका आणि गावातील कारागीर यांच्यापुढे केलेले भाषण)



या टेबलावर कापडाखाली काय झाकून ठेवले आहे, असे तुम्ही मघापासून एकमेकांना विचारीत आहात. कोणी म्हणाले, शिवणयंत्र. मागून एक आजी म्हणाल्या, "गुरुजींनी लेझीम आणलंय म्हणे!" आजी, लेझीम नव्हे, लेझर. लेझीम हातात घेऊन नाचतात. हे मात्र हाताला आणि डोळ्याला लागू द्यायचे नाही.

हे कोरण्याचे यंत्र आहे. लाकडावर, बांबूवर, चामड्यावर हे नाव उमटवते, नक्षी उमटवते. याला पटाशी नाही, छिन्नी नाही, शाई नाही. हे उजेडाने कोरते. म्हणून मी याला उजेडाची पटाशी म्हणतो.

यंत्र कसे सुरू करायचे, ते गटातली पोरे तुम्हांला दाखवतील. मला दुसरी गोष्ट सांगायची आहे. ती एका वाक्यात सांगतो. यंत्राला वस्तू ओळखता येत नाही; ती आपणच ओळखायची असते. आंब्याची फळी ठेवा, चामडे ठेवा, नाहीतर रेक्झिन ठेवा. यंत्र विचारीत नाही. ते जाळीत सुटते.

उजेडाने जळते कसे?

लहानपणी तुम्ही एक खोडी केली असेल. भिंग उन्हात धरायचे आणि वाळका पाला पेटवायचा. ऊन तर सगळ्या रानावर पडते. पण पाला आपोआप पेटत नाही. भिंगाने तेच ऊन एका ठिपक्यात गोळा केले, की धूर निघतो. लेझरचेही तसेच. त्याचा उजेड पसरत नाही. भिंगाखाली तो मिलिमीटरच्या साधारण दहाव्या भागाएवढ्या ठिपक्यात गोळा होतो. जिथे ठिपका पडेल, तिथे वस्तू जळते.

पहिले लेझर १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी चालवून दाखवले. पुढे १९६४ साली कुमार पटेल यांनी तिथल्या बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारे लेझर केले. हे कुमार पटेल १९३८ साली आपल्या बारामतीला जन्मले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले. कारखान्यांत लाकूड, कापड आणि ॲक्रिलिक कापायला त्या जातीचे लेझर आजही चालते.

हे समोरचे यंत्र त्याचे धाकटे भावंड आहे. यात वायूची नळी नाही. निळा उजेड देणारा एक लहानसा तुकडा आहे. त्याला डायोड म्हणतात. चार पट्ट्यांची ही चौकट पाहा. तिच्यावर ही डबी पुढे-मागे सरकते. नांगर जसा एक तास घालतो, वळतो, दुसरे तास घालतो, तशीच ही डबी चालते. शेतात तास दिसतात. इथे ते इतके दाट असतात, की नुसते अक्षर दिसते.

रेक्झिनची गोष्ट

आता आमच्या हातून झालेली चूक सांगतो. ती तुमच्या हातून होऊ नये.

यंत्र आले तेव्हा गटाने त्यासाठी कर्ज काढलेले होते. पहिला हप्ता तोंडावर होता. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आले. त्याला किल्ल्या अडकवायच्या २०० पट्ट्या हव्या होत्या. प्रत्येकीवर नाव. माल त्यानेच आणून दिला. काळा, चकचकीत, वरून अगदी चामड्यासारखा. बायका खूश झाल्या. मीही म्हणालो, "घ्या काम. हप्ता निघेल."

खोलीची खिडकी लावलेली होती, कारण बाहेर पाऊस होता. गटातल्या एका बाईचा मुलगा यंत्रावर बसला. दहा-बारा पट्ट्या झाल्या आणि त्याला खोकला लागला. डोळ्यांतून पाणी वाहू लागले. घसा आवळल्यासारखा झाला. त्याची आई धावली. तिने त्याला ओढून बाहेर पडवीत आणले आणि मग यंत्राचे बटण बंद केले. डॉक्टरांकडे न्यावे लागले. पोरगा दोन दिवसांनी बरा झाला. पण महिनाभरात यंत्राचे लोखंडी स्क्रू गंजून तांबडे झाले.

असे का झाले? तो माल चामडे नव्हते. ते रेक्झिन होते. पुष्कळसे रेक्झिन म्हणजे कापडावर दिलेला पीव्हीसीचा थर. पीव्हीसी जळले, की त्यातून आम्लाची वाफ निघते. संडास धुवायला आपण बाटलीतले ॲसिड आणतो ना? तेच ॲसिड, पण हवेतून येणारे. ते घशात गेले तर घसा जाळते. लोखंडावर बसले तर लोखंड खाते.

यंत्राचा यात दोष नव्हता. माल देणाऱ्याने फसवले असेही मी म्हणत नाही. आम्ही विचारले नाही, हा आमचा दोष. म्हणून आता आमच्या गटात नियम आहे. माल कशाचा आहे ते कळल्याशिवाय यंत्राखाली काहीही ठेवायचे नाही. गिऱ्हाईक परत गेले तरी चालेल.

मग ओळखायचे कसे?

पहिली खूण, चिठ्ठी वाचा. गठ्ठ्यावर किंवा मालाच्या मागे लिहिलेले असते. 'पीव्हीसी' किंवा 'विनाइल' असे दिसले, की तो माल बाजूला ठेवा. ही अक्षरे बहुधा इंग्रजीत असतात. तुम्ही मराठी वाचायला शिकलात. आता पी, व्ही, सी ही तीन इंग्रजी अक्षरेही ओळखून ठेवा. ती तुमच्या लेकराचा घसा वाचवतील.

दुसरी खूण, वास. मालाचा नखाएवढा तुकडा चिमट्यात धरा आणि उघड्यावर जाळा. चामडे जळले, की केस जळल्यासारखा वास येतो. रेक्झिन वितळते, आकसते आणि नाकाला झोंबते. तोंड जवळ नेऊ नका. वारा आपल्या पाठीकडून असावा.

तिसरी खूण, तांब्याची तार. विजेच्या वायरीवरचे प्लास्टिक पूर्ण सोलून काढा. उघडी तार पकडीत धरा आणि ज्योतीत तापवा. ज्योतीचा हिरवा रंग जाईपर्यंत तापवा. मग ती तापलेली तार मालाला टेकवा. थोडा माल तारेला चिकटेल. तार पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली, तर त्यात पीव्हीसी असण्याचा संशय धरा आणि माल परत करा. ही परीक्षाही अंगणातच करावी.

कोणती वस्तू कशी वागते?

लाकूड. आंबा, शिवण अशा फिक्या लाकडावर तपकिरी रेघ ठळक उठते. साग आणि शिसव यांचा रंग मुळातच गडद, म्हणून अक्षर मोठे आणि जाड घ्यावे. फळी वाळलेली हवी. आधी पॉलिश पेपर मारून गुळगुळीत करावी. प्लायवूड घ्याल, तर आतला गोंद सगळीकडे सारखा नसतो. त्यामुळे एके ठिकाणी खोल आणि एके ठिकाणी उथळ असे होते.

बांबू. हा फार गुणी. उभा चिरून सपाट केलेल्या पट्टीवर नाव सुरेख येते. गोल बांबूवर मात्र अडचण आहे. ठिपका एका ठरावीक उंचीवरच बारीक असतो. गोलाईवर मधला भाग उंच आणि कडा खाली. मग मधले अक्षर स्वच्छ आणि कडेचे पुसट येते. करवंटीचेही तसेच. अशा वस्तूवर नाव लहान ठेवावे आणि माथ्यावरच घ्यावे.

चामडे. झाडाच्या सालीत कमावलेले चामडे चांगले. आपल्या कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावतात. या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. अशा चामड्यावर थोड्या तापात काळसर तपकिरी नक्षी उठते. पण सगळे चामडे असे नसते. पुष्कळ चामडे क्रोम नावाच्या रसायनात कमावतात. कापलेल्या कडेला निळसर करडी झाक दिसली, तर ते क्रोमचे समजा. त्याचा धूर अपायकारक असू शकतो. ते जाळू नका.

कागद आणि कापड. जाड पत्रिकेवर कमी ताप आणि जास्त वेग ठेवावा, नाहीतर भोक पडते. सुती कापड चालते. नायलॉन आणि टेरिलिन वितळते.

काच. इथे एक गंमत आहे. निळा उजेड काचेतून आरपार जातो. खिडकीच्या काचेतून ऊन येते आणि काच मात्र जळत नाही, तसेच. पारदर्शक ॲक्रिलिकचेही असेच. म्हणून काचेवर आधी काळ्या पोस्टर रंगाचा पातळ हात द्यावा. रंग उजेड धरतो, तापतो आणि काचेवर खूण उठते. मग रंग धुऊन टाकावा.

धातू. लग्नातल्या भांड्यांवर नाव घालायची आपल्याकडे रीत आहे. भांड्यांच्या दुकानात विजेच्या पेनाने ते घालून देतात. पुष्कळांनी मला विचारले, "गुरुजी, तांब्याच्या कळशीवर नाव येईल का?" या यंत्राने येणार नाही. तांबे, पितळ आणि ॲल्युमिनियम आरशासारखा उजेड परत फेकतात. तो उजेड डोळ्यात गेला तर डोळा जाईल. रंग दिलेल्या पत्र्यावर मात्र काम होते, कारण तिथे वरचा रंग जळतो.

दगडी पाटी. हिच्यावर करड्या, फिक्या रंगाचे अक्षर उठते. आम्हां मास्तर लोकांना ही पाटी फार आवडली.

थर्माकोल. याला हात लावू नका. ते वितळते आणि भपकन पेटते.

आधी तुकडा, मग माल

स्वयंपाक करताना बाई भाताचे शीत दाबून पाहते. सगळे पातेले कोणी चाखीत नाही. तसेच इथे करावे. ज्या फळीवर काम करायचे, तिचाच एक निरुपयोगी तुकडा घ्यावा. त्यावर नखाएवढे चौकोन जाळावेत. एका चौकोनाला ताप कमी, दुसऱ्याला जास्त. एकाला वेग कमी, दुसऱ्याला जास्त. जो चौकोन डोळ्याला बरा दिसेल, त्याचे दोन आकडे वहीत लिहावेत.

आमच्या वहीतले आकडे सांगतो. आमचे यंत्र १० वॅटचे आहे. आंब्याच्या फळीला ताप शेकडा ६०, वेग मिनिटाला ३००० मिलिमीटर. चामड्याला ताप शेकडा ३०, वेग तोच. पत्रिकेला ताप शेकडा २०, वेग ६०००. तुमचे यंत्र वेगळे, तुमचे लाकूड वेगळे. म्हणून आमचे आकडे उतरवून घेऊ नका. रीत उतरवून घ्या.

आता थोडे गणित. मजुरी ठरवायची तर वेळ कळला पाहिजे. समजा, पाटी १०० मिलिमीटर लांब आणि ५० मिलिमीटर रुंद आहे. एका मिलिमीटरात १० तास बसतात. मग ५० मिलिमीटरांत ५०० तास झाले. प्रत्येक तास १०० मिलिमीटर लांब. म्हणजे डबीला एकूण ५०,००० मिलिमीटर चालायचे आहे. ते झाले ५० मीटर. मिनिटाला ३००० मिलिमीटर वेग असेल, तर सुमारे १७ मिनिटे लागतील. वेग १००० केला, तर ५० मिनिटे. डबी वळायला लागणारा वेळ आणखी वेगळा. गिऱ्हाईक म्हणेल, "पाच मिनिटांचं तर काम!" तेव्हा वही उघडून हे गणित त्याच्यापुढे ठेवा.

चार पथ्ये

पहिले पथ्य डोळ्याचे. यंत्र चालू असताना या निळ्या उजेडासाठी केलेलाच चष्मा घालावा. उन्हाचा काळा चष्मा चालत नाही. यंत्रावर झाकण असेल तर ते लावावे. पोरेसोरे भोवती जमू देऊ नयेत.

दुसरे पथ्य धुराचे. नुसत्या लाकडाचा धूरसुद्धा चांगला नाही. चुलीपुढे बसलेल्या बायकांना हे सांगायला नको. धूर बाहेर ओढून टाकणारा पंखा लावावा आणि खिडकी उघडी ठेवावी.

तिसरे पथ्य आगीचे. यंत्र चालू ठेवून चहाला जाऊ नये. लाकडाने ज्योत धरली तर आधी वीज बंद करावी, मग ओले पोते टाकावे. पाण्यात भिजवलेले पोते जवळ असावे. चालू विजेवर पाणी ओतू नये.

चौथे पथ्य विजेचे. अर्ध्या कामात वीज गेली, तर डबी थांबते. वीज आल्यावर ती नेमक्या जागी सुरू होईलच असे नाही. तास तासावर बसला नाही, की अक्षर दुहेरी दिसते. वीज जायची वेळ ठाऊक असेल, तर त्या वेळी मोठे काम लावू नये.

"आमच्या पोटावर पाय येणार का?"

मागच्या गावी एका वृद्ध सुतारांनी मला हा प्रश्न केला. पन्नास वर्षे पटाशी धरलेला तो हात. मी त्यांना उगाच गोड बोललो नाही. नाव घालायचे हलके काम यंत्राकडे जाईल, हे खरे आहे. पण हे यंत्र पाट घडवीत नाही, पोळपाट कातीत नाही. खोल नक्षीत फुलाची पाकळी उचलून दाखवणे त्याला जमत नाही. ते वरच्या कातडीवर गोंदते, एवढेच. वस्तू घडवणारा हात लागतोच. शिवाय कोणते लाकूड कसे जळेल, कुठे रेषा आडवी आहे, कुठे गाठ आहे, हे त्या आजोबांना फळी हातात घेताच कळले. आमच्या पोरांना ते कळत नव्हते. यंत्र पोराचे आणि पारख आजोबांची, असे झाले तर घरात दोन पैसे जास्त येतील.

आणि एक सांगतो. यंत्राचे काम हातचे म्हणून विकू नका. हातच्या कामाला हातचे म्हणा, यंत्राच्या कामाला यंत्राचे म्हणा. बाजारात शब्द एकदा गेला, की तो परत येत नाही.

पार्वतीबाईंची पाटी

शेवटी एक गोष्ट सांगून पुरे करतो.

एक माणूस आमच्याकडे फळी घेऊन आला. त्याचे जुने घर पाडले होते. त्या घराच्या दाराची ती सागवानी फळी. त्याची आई जन्मभर त्याच दारात बसली होती. आता ती नव्हती. नव्या घरावर आईच्या नावाची पाटी लावायची होती. "गुरुजी, चुकू देऊ नका. अशी दुसरी फळी माझ्याकडं नाही," असे तो म्हणाला.

पोराने नाव घातले, सजवले, मला दाखवले. मी चष्मा लावून पाहिले आणि मान हलवली. आता बटण दाबणार, तोच आमच्या साक्षरता वर्गातल्या एक बाई पुढे आल्या. वय पन्नाशीचे. वाचू लागून त्यांना वर्षही झाले नव्हते. त्यांनी बोट ठेवून एकेक अक्षर वाचले आणि म्हणाल्या, "गुरुजी, ही पार्वती न्हाई. ही 'पावर्ती' झाली."

पाहतो तो खरेच! 'व' वरचा रफार 'ती' वर जाऊन बसला होता. काही वेळा यंत्राच्या प्रोग्रामला आपली जोडाक्षरे नीट मांडता येत नाहीत. आमच्याही तसेच झाले. जन्मभर पोरांचे शुद्धलेखन तपासलेला मी, आणि माझ्या डोळ्यांतून ते सुटले. कारण मी नाव ओळखले होते, वाचले नव्हते. बाईंनी वाचले.

मग पोराने ते नाव मोबाइलवर नीट लिहिले, त्याचे चित्र केले आणि ते चित्र यंत्राला दिले. चित्रातले अक्षर हलत नाही. पाटी बरोबर झाली. तो माणूस पाटी उराशी धरून घेऊन गेला. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक नाव त्या बाई वाचतात. मगच बटण दाबले जाते.

मंडळी, पाटीवरचे अक्षर ओल्या बोळ्याने पुसता येते. वहीतले खोडता येते. लेझरचे अक्षर गोंदणासारखे असते, ते पुसत नाही. म्हणून जाळण्याआधी दोन गोष्टी वाचायच्या. मालावरची चिठ्ठी वाचायची आणि घालायचे नाव वाचायचे. दोन्ही कामे यंत्र करणार नाही. ती वाचता येणाऱ्या माणसाने करायची आहेत, आणि तुम्हांला आता वाचता येते.

आता कापड काढतो. चष्मे दोनच आहेत, तेव्हा दोघादोघांनी पुढे या. बाकीच्यांनी वळचणीपलीकडे उभे राहा. पहिली फळी आंब्याची आहे. ती मी स्वतः ओळखून ठेवली आहे.